भाऊजींचा ब्रेक

आमच्या भाऊजींबद्दल कुणालाही विचारा, सोन्यासारखा माणूस म्हणतील. मीही म्हणायचे. आता जे सांगणार आहे ते ऐकून कुणाला वाटेल, मेहुणीच ती, खोड काढणारच. वाटू दे. मी काही कुणाच्या घरी मीठ मागायला जात नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टचं बटण दाबून कान लावून उभे राहणार, मग माणसांकडे बघणार. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आम्ही वर ताटकळलोय आणि हे खाली लिफ्टच्या दारात उकिडवे बसून नाण्याने स्क्रू पिळतायत. वर आले ते हात काळे करूनच. ताईने टॉवेल दिला तर म्हणाले, “दार घासत होतं तुमचं. आता नाही घासणार.” बाबांनी तिथल्या तिथे पसंत केलं. बाबा म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणारे. ज्याचे हात काळे तो माणूस खरा, असा त्यांचा साधा हिशेब. बाबा गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. मोटारसायकलची सीट, रिक्षाची सीट, सोफा, जे येईल ते शिवते.

तर असा हा माणूस, आणि त्याला वेड इटालियन मोटारसायकलचं. जुन्या. आपल्या जन्माच्या आधीच्या. एका सिलिंडरची साडेतीनशे सीसीची लाल गाडी त्यांनी खोक्यांतून आणली होती. हो, खोक्यांतून. इंजिन एका खोक्यात, चाकं दुसऱ्यात, टाकी पोत्यात. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ताईने स्वयंपाकघरातलं खालचं कपाट रिकामं करून दिलं, कारण बाहेरच्या शेडमध्ये ओल यायची आणि इंजिनाचे दातेरी भाग गंजतील म्हणून भाऊजींना झोप यायची नाही. पिठाचे डबे वर गेले, इटली खाली बसली.

शेजारणी गाडीला ताईची सवत म्हणायच्या. ताई म्हणायची, “छे गं, नणंद आहे ती. सवतीशी निदान भांडता तरी येतं. नणंदेचं सगळं हसून करावं लागतं.”

आणि करायची. त्या इंजिनात वरच्या झडपा उघडायला साखळी नाही, उभा दांडा आणि दातेरी चाकं आहेत. दात्यांत केसभर फट जास्त झाली की आवाज, कमी झाली की घासणार. ती फट जुळवायची कागदासारख्या पातळ चकत्या घालून. चकती घाल, बंद कर, फिरव, उघड, पुन्हा दुसरी घाल. ताई समोर बसून चकत्या पुसून हातात द्यायची. मी एकदा म्हटलं, “ताई, तुला कंटाळा नाही येत?” तर म्हणाली, “अगं, बाकी कुठे एवढं बोलतात ते माझ्याशी?” ते खरंच होतं. लिफ्टवाला माणूस दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात एकटा. घरी आला की चकती पुढे करणाऱ्या बायकोशी बोलायचा.

गाडी उभी राहिली आणि तिची खोडही सगळ्यांना पाठ झाली. आपल्या रोजच्या गाड्यांचा गिअर डाव्या पायाला, मागचा ब्रेक उजव्या पायाला. या बाईसाहेबांचं उलटं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. वर आणखी कडी म्हणजे उजवा पाय खाली दाबला की गाडी वरच्या गिअरमध्ये जाते. किकसुद्धा डावीकडे. भाऊजी घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवायचे. गॅसवालाही सुटायचा नाही. “उजवा पाय दाबलात तर ती थांबत नाही, पळते,” असं म्हणून हसायचे. आम्ही तोंडदेखलं हसायचो. कितव्यांदा खरं हसणार माणूस?

अशी गाडी असली की तशीच माणसं लागतात. शहरात जुन्या इटालियन गाड्यांचं एक मंडळ आहे. दाताचे एक डॉक्टर त्याचे अध्यक्ष. एक वकील, एक सराफ, एक विमा कंपनीतून निवृत्त झालेले साहेब, असे आणखी काही. महिन्याच्या एका सकाळी बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या अंगणात सगळे गाड्या घेऊन जमायचे. चहा कमी, एकमेकांच्या गाडीखाली डोकं घालणं जास्त. नियम एकच: गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी. नटबोल्टसुद्धा मूळचे. नटाच्या डोक्यावरचं अक्षर वाचायला अध्यक्ष खिशात भिंग ठेवतात. दाढा बघायचंच भिंग असावं.

भाऊजींच्या गाडीत एक खोट होती. कार्ब्युरेटर दुसऱ्याच गाडीचा. गाडी त्यावर छान चालायची, पण मंडळाच्या लेखी ती बाटलेली. त्यामुळे भाऊजींना अंगणात यायची परवानगी, सगळ्यांच्या गाड्यांची कामं करायची परवानगी, पण हेल्मेटात किल्ली टाकायची नाही.

हे हेल्मेट काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वर्षातून एकदा मंडळ लांबच्या फेरीला जातं. अर्ध्या वाटेवर थांबले की एका उलट्या हेल्मेटात सगळे आपापली किल्ली टाकतात. मग डोळे मिटून एकेकाने एकेक काढायची. जिची किल्ली हाताला लागेल ती गाडी उरलेल्या वाटेला तुमची. सामान हलवायचं नाही, ते गाडीबरोबर जातं. आणि मागे बसलेलं माणूसही गाडीबरोबर जातं. बायका म्हणजे सामानच की. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात देण्याएवढा विश्वास, असं अध्यक्ष म्हणायचे. ज्याची किल्ली हेल्मेटात नाही तो पाहुणा, घरचा नाही.

भाऊजी वर्षानुवर्षं पाहुणे राहिले. सगळे किल्ल्या काढत असताना हे बाजूला उभं राहून कुणाच्या तरी प्लगवरची काजळी पुसायचे. ताई म्हणायची, “एवढं काय त्यात?” तर दुसरा प्लग पुसायला घ्यायचे. शेवटी विमावाल्या साहेबांच्या परदेशातल्या जावयाने जुना, मूळचा कार्ब्युरेटर मिळवून दिला. भाऊजींनी तो हातरुमालात गुंडाळून माझ्या दुकानात आणून दाखवला. मी शिवत होते ते सोडून उठले, एवढा आनंद होता त्यांच्या तोंडावर. अध्यक्षांनी भिंग लावलं, मान हलवली, आणि त्या वर्षी भाऊजींची किल्ली हेल्मेटात पडली.

ती हाताला लागली अध्यक्षांच्याच.

भाऊजींना काय आभाळ ठेंगणं झालं! ताईने पुढे मला सगळं सांगितलं. भाऊजींनी फडक्याने सीट पुसली, अध्यक्षांना किल्ली दिली, ताईला म्हणाले, “सांभाळून बस हं, अध्यक्ष चालवतायत.” बाकी काही सांगायची गरज नव्हती. अध्यक्षांची स्वतःची गाडी हीच, याच बनावटीची, याच लाल रंगाची. तिचाही गिअर उजवीकडे. ती तर ते तरुणपणापासून चालवत होते.

उतार होता. वळणावर समोरून टेम्पो आला. ताईने एवढंच पाहिलं, की पुढच्या माणसाने अंग आवळलं, जोर करून ब्रेक दाबला आणि गाडी हळू व्हायच्याऐवजी पुढे उसळली. मग त्यांनी घाबरून हँडलवरचा पुढचा ब्रेक आवळला. चाक रेतीवरून सरकलं. अध्यक्ष गवतात पडले, कोपर खरचटलं. गाडी ताईच्या गुडघ्यावर पडली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा बोळात मंडळ उभं होतं. चामड्याची जाकिटं, हातात हेल्मेटं, सगळे मूग गिळून. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या पाय वाचेल, गुडघा वाकणार नाही. मग कुणीतरी विचारलं, झालं कसं? आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, भाऊजी म्हणाले, “ब्रेक माझ्याकडून सैल राहिला. अध्यक्षांची काही चूक नाही.”

लिफ्टचे ब्रेक तपासणारा हा माणूस, घरातल्या कुकरची शिटीसुद्धा आठवड्याला घासून ठेवणारा, आणि बायको मागे बसलेल्या गाडीचा ब्रेक सैल? मी त्यांना बोळातच वाटेल ते बोलले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, “जाऊ द्या. चूक माणसाच्याच हातून होते.” केवढा मोठेपणा!

ताईने मात्र भाऊजींना शब्दाने दुखावलं नाही. दवाखान्यातून आली ती काठी घेऊन. खाली बसणं गेलं, जिना चढणं म्हणजे एकेक पायरी. भाऊजी तिच्यासमोर आले की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि ही त्यांनाच समजवायची. मी तिथे असताना कितीदा ऐकलं. “अहो, मुद्दाम का केलंत तुम्ही? होतं कधीतरी. माणूस आहे, विसरतो. जेवा बघू आधी.” मंडळाने शिक्षा म्हणून वर्षभर भाऊजींची किल्ली बंद केली, तर हिलाच वाईट वाटलं. मला म्हणाली, “माझा पाय गेला त्याचं काही नाही, पण त्यांचं नाव गेलं गं. त्यांच्या हातच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं आजवर.”

मी भाऊजींशी बोलणं टाकलं होतं. ताईने ते जुळवून आणलं. म्हणाली, तूही माफ कर, माझ्यासाठी. मी केलं.

पुढच्या फेरीचे दिवस जवळ आले आणि अध्यक्षांची गाडी माझ्या दुकानात आली. सीटचा सांगाडा तडकला होता; असा सांगाडा गाडीवरच मापून बसवावा लागतो. गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरने निरोप दिला: फक्त सीट, बाकी कशाला हात लावायचा नाही. आता मला कुणी हात लावू नका म्हटलं की माझे हात शिवशिवतात, हा माझा जन्माचा स्वभाव. पण त्या दिवशी तसं काही मनात नव्हतं, खरंच. सीटखालचा काळा पत्रा सांगाड्याच्याच स्क्रूने धरलेला होता, तो काढल्याशिवाय काम होईना.

पत्रा काढला. खाली एक आडवी सळई. डावीकडून उजवीकडे गेलेली. शेजारी दुसरी, उजवीकडून डावीकडे. मी भाऊजींच्या गाडीची सीट दोनदा शिवली आहे, तिच्यात असं काही नाही. सांध्याला पितळेची बारकी नळी होती, लिफ्टच्या दाराला असते तशी. आणि प्रत्येक नटाला तांब्याची तार गुंडाळून तिचं टोक आत वळवलेलं, बोटाला टोचू नये म्हणून. ही तार मी कुठेही ओळखेन. आमच्या घरच्या पिठाच्या गिरणीच्या झाकणालाही तशीच आहे, भाऊजींनी बांधून दिलेली.

मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक हाताने फिरवलं आणि उजवीकडचं पेडल दाबलं. चाक थांबलं.

बाहेरून गाडी अस्सल. पेडलं मूळ जागी, मूळ आकाराची, भिंग लावा नाहीतर दुर्बीण लावा. आतून मात्र उजवा पाय ब्रेकचा करून घेतलेला. म्हणजे या माणसाच्या पायाला खऱ्या इटालियन गाडीची सवयच उरली नव्हती. त्या उतारावर त्याने उजवा पाय दाबला, ब्रेक म्हणून. आणि भाऊजींची गाडी, जशी कारखान्यातून निघाली तशी असलेली गाडी, पळाली.

मी दुकान उघडं टाकून भाऊजींच्या शेडवर गेले. ते चकत्या जुळवत होते. एकटेच. ताईला आता तिथे खाली बसता येत नाही.

“भाऊजी, अध्यक्षांच्या गाडीच्या सीटखाली काय करून ठेवलंय तुम्ही?”

हात थांबला. वर न बघता म्हणाले, “पत्रा परत नीट लावलास ना?”

“पत्रा गेला चुलीत! त्या दिवशी ब्रेक सैल होता का तुमचा?”

“कुणाचा? माझा?” त्यांनी असं ताडकन वर बघितलं की मी शिवीच दिली जणू. “वेडी आहेस का तू? माझ्या गाडीचा ब्रेक सैल? निघताना तपासला, अर्ध्या वाटेवर तपासला. अजूनही तसाच आहे, ये, बघ!”

राग एवढा की डोळ्यांत पाणी आलं.

“मग दवाखान्यात काय बोललात तुम्ही?”

“तिथे बोलावं लागलं तसं.” पुन्हा चकत्यांकडे वळले. “अध्यक्षांनी बाजूला घेतलं मला. म्हणाले, हे बाहेर पडलं तर मंडळाचं हसं होईल. सगळ्यांना गाड्या दाखवतो आपण, अस्सल म्हणून. आपलीच माणसं आहेत ती. आपलेच दात, आपलेच ओठ.”

“दात त्यांचे, ओठही त्यांचे. तुम्ही कोण आहात त्या तोंडात?”

“तुला नाही कळायचं. पहिल्यांदाच किल्ली पडली होती माझी.”

“आणि ताई?”

“तिचं आता सगळं नीट चाललंय. तिने माफ केलंय मला. कशाला उगाच उकरून काढायचं?”

माफ केलंय मला! ज्या चुकीची माफी घेऊन हा माणूस सुखाने बसला होता ती चूक त्याने केलीच नव्हती, आणि जी केली तिची माफी मागायची गरजच उरली नव्हती. मी म्हटलं, “भाऊजी, फेरीच्या आधी ताईला सांगायचं. तुम्ही. तुमच्या तोंडाने. नाहीतर मी सांगेन.” त्यांनी मान हलवली. सांगतो म्हणाले. मी विश्वास ठेवला. सवय वाईट असते.

फेरीच्या सकाळी ताई माझ्या आधी अंगणात पोचली होती. मला वाटलं, सांगितलं वाटतं, आणि तरीही आली. माझी ताईच अशी. गाड्या रांगेत लागल्या होत्या, भिंग फिरून झालं होतं. अध्यक्षांनी सांगितलं, या वर्षी भाऊजींची किल्ली परत घ्यायची का ते ठरवायचं आहे. वकीलसाहेबांनी घसा साफ केला. “माणूस चांगला आहे, पण ब्रेकचा प्रश्न आहे. उद्या माझीच बायको मागे असेल.” दोघातिघांनी माना डोलावल्या. भाऊजी आपले उभे, परीक्षेच्या निकालाला पोर उभं राहतं तसे.

तेवढ्यात ताई काठी टेकून पुढे आली. चारचौघांत ती कधी बोललेली मला आठवत नाही.

“मी एक सांगते,” ती म्हणाली. “पाय माझा गेला. माझी काही तक्रार नाही. ब्रेक राहिला सैल, राहिला. त्यांनी वर्षभर स्वतःला पुष्कळ त्रास करून घेतलाय, नीट जेवत नाहीत. आता तुम्हीही मनातून काढून टाका. त्यांच्या हातात देव आहे. एका चुकीवरून माणसाला बाहेर ठेवू नका.” आणि हात जोडले. अध्यक्षांसमोर. काठी कोपरात अडकवून.

मी भाऊजींकडे पाहिलं. आता बोलेल, आता तरी बोलेल हा माणूस. त्यांनी नजर बुटांकडे लावली.

मग माझा तोल गेला. गेला तो बरा गेला. मी रांगेत घुसले, अध्यक्षांची गाडी मधल्या स्टँडवर ओढली, मागचं चाक जोरात फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, “हे बघा! उजवा पाय दाबते मी. उजवा! जिथे तुमचा तो गिअर असतो!” दाबला. चाक थांबलं. “हा यांचा पाय शिकलाय. ब्रेक सैल नव्हता. कधीच नव्हता. यांनी गिअर दाबला आणि माझ्या बहिणीचा पाय घालवला!”

मला वाटलं होतं गहजब होईल. अध्यक्षांना तोंड लपवायला जागा मिळणार नाही. भिंगवाल्यांना भोवळ येईल.

कुणी हललं नाही. सराफांनी चष्मा काढून पुसला. विमावाले साहेब आपल्याच गाडीच्या टाकीवर बोट फिरवत राहिले. शेवटी वकीलसाहेब हळूच म्हणाले, “अहो बाई, आता वयं झाली. सगळ्यांनीच करून घेतलंय ते. यांच्याकडूनच. पण असं चारचौघांत बोलायचं नसतं.”

सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्याच्या बोळात उभ्या असलेल्या एकेकाला. अख्ख्या रांगेत कारखान्यातून निघाली तशी गाडी एकच होती, आणि तिच्या मालकाला हे लोक घरात घ्यायचं का यावर मत देत होते.

ताईने भाऊजींकडे वळून विचारलं, “अहो, तुम्हाला माहीत होतं?”

भाऊजी तिच्याकडे आले नाहीत. अध्यक्षांच्या गाडीकडे गेले. ती स्टँडवरून अलगद उतरवली, मी जोर केला त्या पेडलावरची धूळ बाहीने पुसली. मग अध्यक्षांना म्हणाले, “तिचं मनावर घेऊ नका. सीटा शिवते ती, गाडीतलं कळत नाही तिला.”

अध्यक्ष हसून म्हणाले, “जाऊ द्या. मला वाटतं, यांच्या किल्लीला कुणाची हरकत नसावी.” आणि भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. भाऊजींच्या तोंडावर जे उमटलं ते मी हातरुमालातला कार्ब्युरेटर बघताना पाहिलं होतं. तेच. आम्ही दोघी समोर असताना.

मी टॅक्सी आणली. ताईला आत बसवताना पाय आधी घ्यावा लागतो, मग ती. एवढ्या वेळात भाऊजी दारापाशी आले. “संध्याकाळी येतो मी. मग बोलू,” म्हणाले. ताईने काच वर केली. मागे एकेक गाडी सुरू व्हायला लागली होती.

ताईला मी माझ्याकडे आणलं. दुकानामागच्या खोलीत खाटेवर बसवलं, चहा दिला. ती गप्प आणि माझं तोंड चालू. वाट्टेल तशा शिव्या घातल्या मी त्या मंडळाला, त्यांच्या दातांना, त्यांच्या इटलीला. पोलिसात जाऊ म्हटलं, भाऊजींच्या साहेबांना जाऊन सांगू म्हटलं. ताई ऐकत होती. मग तिने कप खाली ठेवला.

“पायाचं राहू दे गं,” ती म्हणाली. “पाय काय, पडून झडूनही गेला असता. पण मी वर्षभर रोज त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. तुमची काही चूक नाही, तुमची काही चूक नाही, असं म्हणत. ते झोपेपर्यंत.”

मी खाली ठेवलेला कप उचलला.

“आणि ते फिरवून घेत होते,” ताई म्हणाली.

संध्याकाळी भाऊजी आले. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच कळतो. मी दार उघडायला उठले, तर ताईने माझा हात धरला आणि म्हणाली, “बस. वाजवू दे त्यांना.”